उन्हाचा भाव

मी शहापूरचा. नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना महामार्गावर जवाहरनगरच्या आयुध निर्माणीचा परिसर लागतो. त्याच्या आजूबाजूच्या गावांपैकी आमचं एक. 1984 साली मी वीज मंडळात यंत्रचालक म्हणून लागलो आणि 2020 साली निवृत्त झालो. यंत्रचालक हा शब्द कागदावरचा. गावात आम्हाला ‘सबस्टेशनवाले’ म्हणतात. 33 के.व्ही. उपकेंद्रात बसायचं, दर तासाला प्रत्येक फीडरचा अँपिअर वाचायचा, लॉगशीटवर लिहायचा, आणि वरून फोन आला की फीडर बंद करायचा किंवा चालू करायचा. 2005 च्या जूनमध्ये मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. पगारपत्रकावरचं नाव बदललं, खुर्ची तीच राहिली.

छत्तीस वर्षं तासाचे आकडे लिहिणाऱ्या माणसाला एक खोड लागते. कुठलीही गोष्ट दिसली की तो आधी विचारतो, ही किती वाजता? म्हणून दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ एक कागद घेऊन आला आणि म्हणाला, ‘दादा, सोलरवाले एकराला पन्नास हजार रुपये भाडं देतात म्हणे. आपली पाच एकर द्यावी का?’ तेव्हा मी त्याला लगेच हो किंवा नाही म्हणू शकलो नाही. भावाची ती पाच एकर धानाची जमीन उपकेंद्रापासून फार लांब नाही. करार पंचवीस वर्षांचा. म्हणजे मी काही तो संपलेला पाहणार नाही. भाऊही पाहील की नाही, सांगता येत नाही. मी म्हटलं, थांब, हे उन्हाचं दुकान चालतं कसं ते मला आधी समजून घेऊ दे. त्या समजून घेण्यातून जे हाती आलं, ते आज सांगणार आहे.

आधी रात्रीबद्दल बोललं पाहिजे. ज्यानं रात्री मोटारपंप चालू करायला बांधी तुडवली नाही, त्याला या गोष्टीतलं काही कळणार नाही. आमचा भंडारा जिल्हा धानाचा. पावसाळ्यातलं धान बरंचसं पावसावर आणि तलावांवर निघतं. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो, त्यांच्या भरवशावर पिढ्या गेल्या. पण पावसानं दडी मारली, किंवा कोणी उन्हाळी धान घेतलं, की सगळी भिस्त विहीर, बोअर आणि मोटारपंपावर. आणि कृषिपंपाची वीज चक्रानं यायची. काही दिवस दिवसा आठ तास, मग काही दिवस रात्री दहा तास. महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं त्या वर्षांत तर या चक्राचाही भरवसा नव्हता. रात्री साडेबाराला मी फीडर चालू केला की दहा मिनिटांत अँपिअरचा काटा उडी मारायचा. त्या उडीत किती माणसं बॅटरी घेऊन धुऱ्यावरून चालत गेली असतील, हे मला लॉगशीटवर लिहायची सोय नव्हती. आमच्या शेजारचा एक जण अशाच एका रात्री पेटीजवळ साप चावून गेला. त्याच्या बायकोनं दुसऱ्या दिवशी मला काही विचारलं नाही. नुसतं पाहिलं.

रात्रीची वीज शेतकऱ्याला का, याचं उत्तर सोपं होतं आणि आम्ही ते पाठ म्हणून दाखवायचो. कोळशाचं केंद्र रात्री बंद करता येत नाही. शहरं झोपली, कारखान्यांचा भार कमी झाला, तरी भट्टी पेटतीच ठेवावी लागते. तेव्हा ती वीज ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला द्यायची. शेतकऱ्याचं वेळापत्रक भट्टीनं ठरवलं होतं. महामार्गानं नागपूरकडे जाताना मौद्याच्या एन.टी.पी.सी.च्या चिमण्या दिसतात. 2,320 मेगावॉटचं ते केंद्र, आणि त्याला पाणी लागतं आपल्या वैनगंगेवरच्या गोसीखुर्दचं. धरणाचं पाणी केंद्राला, केंद्राची वीज रात्री आम्हाला, आणि त्या विजेवर आम्ही पुन्हा जमिनीतलं पाणी उपसणार, अशी ती प्रदक्षिणा.

आता उन्हाकडे येऊ.

प्रकाश पडला की वीज वाहते, हे फ्रान्सच्या एदमाँ बेकेरेलनं 1839 साली पाहिलं होतं. पण हातात घेता येईल आणि कामाला लावता येईल असा सिलिकॉनचा सौर घट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेनं लोकांसमोर ठेवला तो 25 एप्रिल 1954 रोजी. ज्या वर्षी आमच्या भंडाऱ्यातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेची पोटनिवडणूक लढवत होते, त्याच वर्षी. त्या घटावर शंभर भाग ऊन पडलं तर सहा भाग वीज व्हायची. पुढे 1958 साली ‘व्हँगार्ड’ नावाच्या उपग्रहावर असे घट बसवले गेले. किंमत न विचारणारं पहिलं गिऱ्हाईक आकाशातच भेटलं, असं म्हणायला हरकत नाही. जमिनीवर मात्र कित्येक दशकं सौर वीज म्हणजे प्रदर्शनात मांडायची वस्तू राहिली. आमच्या भागातही एका गावात चौकात सौर दिवा लागला होता. मोठ्या कौतुकानं उद्घाटन झालं. दोनेक वर्षांत बॅटरी मेली आणि दिवा विझला. खांबावरची प्लेट पुढे कित्येक वर्षं ऊन खात उभी होती. प्लेट टिकते आणि बॅटरी दगा देते, हा धडा त्या चौकानं मला फार आधी दिला होता. तो तेव्हा कळला नाही.

खरी सुरुवात झाली ती 11 जानेवारी 2010 ला, केंद्र सरकारनं जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर मिशन जाहीर केलं तेव्हा. 2022 पर्यंत 20,000 मेगावॉट, असं उद्दिष्ट होतं. तेव्हा उपकेंद्रात आम्ही हसलो होतो. हसण्याचं कारण होतं भाव. केंद्रीय विद्युत नियामक आयोगानं 2010-11 साठी सौर विजेला ठरवलेला दर होता युनिटला 17 रुपये 91 पैसे. त्या काळी कोळशाची वीज दोन-तीन रुपयांच्या घरात पडायची. आमच्या एका साहेबांनी विचारलं होतं, ‘सोन्याच्या ताटात पिठलं कशाला वाढायचं?’

पण भाव बसून राहिला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कंपन्यांकडून बोली मागवल्या, तर सर्वांत खालची बोली निघाली 10 रुपये 95 पैसे. पुढच्या वर्षी ती 7 रुपये 49 पैशांवर आली. 2017 च्या मे महिन्यात राजस्थानातल्या भडलाला 2 रुपये 44 पैसे. 2020 च्या डिसेंबरात गुजरातेत 1 रुपया 99 पैसे. दहा वर्षांत सतरा-अठरा रुपयांची वस्तू दोन रुपयांवर. मी नोकरीत असताना तूरडाळीपासून ताराच्या रिळापर्यंत सगळं महाग होताना पाहिलं. एवढं स्वस्त झालेलं दुसरं काही मला आठवत नाही.

ऊन तेच होतं. साक्रीचं, भडल्याचं, शहापूरचं. मग स्वस्त काय झालं? मुख्यतः प्लेट. चीनमध्ये प्रचंड कारखाने उभे राहिले, सिलिकॉनच्या चकत्या पातळ झाल्या, आणि एकेका प्लेटेतून निघणारी वीज वाढली. 2010 च्या सुमारास एका मेगावॉटला चार हजारांहून जास्त प्लेटा लागायच्या; आता दोन-अडीच हजारांत भागतं. जाता जाता एक आमच्या जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. साकोली तालुक्यात मुंडीपारला ‘भेल’चा कारखाना होणार होता, आणि त्यात अशाच सौर प्लेटा बनणार होत्या. 2013 मध्ये भूमिपूजन झालं. प्लेटा काही निघाल्या नाहीत. जगात प्लेटेचा भाव कोसळत होता त्याच वर्षांत आम्ही प्लेटेच्या कारखान्याची वाट पाहत होतो. असो.

महाराष्ट्रात मोठा म्हणावा असा पहिला सरकारी सौर प्रकल्प उभा राहिला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला. महानिर्मितीचा, 125 मेगावॉटचा, 2013 साली सुरू झालेला. त्यात दोन जातींच्या प्लेटा आहेत, स्फटिक सिलिकॉनच्या आणि पातळ थराच्या. तेव्हा कुठली जात आपल्या उन्हात जास्त टिकेल याचा कोणालाच पुरता अंदाज नव्हता, म्हणून दोन्ही लावल्या असाव्यात, असं मला वाटतं. शेतकरी नाही का, दोन वाणांचं बियाणं पेरून पाहत? पण मला त्या प्रकल्पातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती वेगळीच. त्याला कर्ज मिळालं जर्मनीच्या ‘केएफडब्ल्यू’ या सरकारी विकास बँकेकडून. ऊन साक्रीचं, पैसा जर्मनीचा. का, हे कळायला थोडा हिशेब करावा लागतो. कागद-पेन्सिल घ्या, फार अवघड नाही.

एक मेगावॉटचा प्रकल्प समजा. वर्षात 8,760 तास. रात्र, ढग, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन हे सगळं वजा जाता आपल्याकडे पूर्ण क्षमतेच्या साधारण 19 टक्के वीज हाती येते. म्हणजे वर्षाला साडेसोळा लाख युनिटच्या आसपास. 2010-11 मध्ये असा एक मेगावॉट उभा करायला आयोगानं सुमारे 17 कोटी रुपये धरले होते. साडेसोळा लाख युनिट गुणिले 17 रुपये 91 पैसे, म्हणजे वर्षाला तीन कोटींना थोडी कमी मिळकत. सतरा कोटींतले सत्तर टक्के कर्ज धरा, बारा-साडेबारा टक्के व्याज धरा. पहिल्या वर्षाचं व्याज होतं दीड कोट. मिळकतीच्या निम्मं.

आता अलीकडचा हिशेब. मेगावॉटला 4 कोटी धरू, दर 3 रुपये 5 पैसे धरू. मिळकत होते 50 लाखांच्या आसपास. सत्तर टक्के कर्ज म्हणजे 2 कोटी 80 लाख. नऊ टक्क्यांनी व्याज 25 लाख. पुन्हा निम्मं! भाव सहाव्या हिश्शावर आला, प्लेटा बदलल्या, सरकारं बदलली, पण शंभरातले पन्नास रुपये तेव्हाही व्याजाला जात होते आणि आताही जातात. कागद मी दोनदा तपासला.

माझ्या नजरेत या धंद्याचं मर्म इथं आहे. कोळशाच्या केंद्रात पैसा रोज जळतो. आज कोळसा आणला नाही तर आज वीज नाही, आणि आज वीज नको असेल तर आजचा कोळसा वाचतो. सौर प्रकल्पात सगळा पैसा पहिल्या दिवशीच खर्च होतो. पंचवीस वर्षांचा कोळसा एकदम विकत घेऊन रानात मांडून ठेवावा, तसं. त्यामुळे ऊन फुकट असलं तरी ते ऊन येईपर्यंत थांबण्याचं भाडं द्यावं लागतं, आणि ते घेते बँक. ज्याला स्वस्त व्याजानं पैसा मिळतो त्याची वीज स्वस्त. म्हणून साक्रीला जर्मन बँक. म्हणून मोठ्या कंपन्या जिंकतात आणि चार शेतकऱ्यांनी मिळून एक मेगावॉट टाकायचा म्हटलं तर बँकेच्या दारातच पाय थबकतो.

उरलेले पन्नास रुपये कुठं जातात? कर्जाचं मुद्दल अठरा वर्षांत फेडायचं तर वर्षाला साडेपंधरा लाख, म्हणजे तीस-एकतीस रुपये. देखभाल, राखण, विमा यांना दहाएक रुपये. जमिनीचं भाडं पाच रुपये. उरलं सुरलं मालकाचं, आणि ते सुरुवातीची वर्षं अगदी थोडं असतं. त्याची खरी कमाई कर्ज फिटल्यावर. पण तोवर प्लेटा म्हाताऱ्या व्हायला लागतात. दरवर्षी अर्धा-पाऊण टक्का वीज घटते, चौकीदाराचा पगार वाढतो, आणि विजेचा दर मात्र करारात पंचवीस वर्षांसाठी ठोकलेला. केंद्राच्या कुसुम योजनेतून अनुदान मिळालं तर हे गणित बरंच सैल होतं. ते न मिळालेल्याचं घट्ट बसतं.

मागच्या हिवाळ्यात ओळखीच्या एका तरुण अभियंत्यानं मला विदर्भातला असा एक छोटा प्रकल्प आतून दाखवला. मी आयुष्यभर उपकेंद्रात काढलेला माणूस. विजेच्या जागेला आवाज असतो हे माझ्या अंगात मुरलेलं. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, ब्रेकर पडला की छातीत धडकी भरते. इथं काहीच नाही. ओळीनं प्लेटा, मध्ये कापलेलं गवत, एका बाजूला कंटेनरएवढी इन्व्हर्टरची खोली. प्लेटा पंचवीस-तीसच्या माळेनं जोडलेल्या. प्रत्येक माळ हजार-पंधराशे व्होल्टची एकेरी वीज देते, इन्व्हर्टर ती आपल्या नेहमीच्या विजेत बदलतो, आणि ट्रान्सफॉर्मर तिला उपकेंद्राच्या दाबावर नेतो. माणसं किती? दोन चौकीदार, एक तंत्रज्ञ, आणि पहाटे प्लेटा धुवायला येणारी चार-पाच मुलं.

धुणं हे या धंद्यातलं सर्वांत हलकं आणि सर्वांत मोलाचं काम. महिनाभर धूळ बसली की मिळकतीतले शेकडा काही रुपये नुसते पुसले न गेल्यामुळे जातात. आणि एखाद्या प्लेटेवर पक्ष्यानं घाण केली तर? मला वाटलं, तेवढ्या ठिपक्यापुरती वीज कमी होईल. तो अभियंता हसला. ‘काका, पाटात एका जागी दगड पडला तर खालच्या सगळ्या बांध्यांना पाणी कमी जातं की नाही? तसं आहे.’ घट एकामागे एक जोडलेले असतात. एक झाकला गेला की तो आपली वाट अडवून धरतो आणि स्वतः तापून जळू लागतो. म्हणून प्लेटेच्या मागं बाजूनं वाट काढून देणारे डायोड बसवलेले असतात, आमच्या भाषेत सांगायचं तर पाटाला फोडलेला मोघा.

दुसरी गोष्ट त्यानं सांगितली ती ऐकून मात्र मी चाट पडलो. आपल्याला वाटतं, विदर्भाचं ऊन म्हणजे सौर विजेची खाण. मे महिन्यात 45 अंश, अजून काय हवं? पण प्लेटेला हवा असतो उजेड, उष्णता नको असते. प्लेटेची क्षमता 25 अंशांवर मोजलेली असते, आणि त्यावर दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वीज घटते. मेच्या दुपारी प्लेट स्वतः 65 अंशांवर जाते. करा गुणाकार: सोळा टक्के गेले. उन्हाचं वारं प्यायलेल्या माणसासारखी प्लेटही दुपारी मंदावते. मेच्या रखरखाटापेक्षा फेब्रुवारी-मार्चचं निवळलेलं ऊन तिला जास्त मानवतं. आणि पावसाळ्यात ढग दाटले की आकडा कोसळतोच.

यातून एक गंमत दिसते. उन्हाळी धानाला पाण्याची हाव असते ती नेमकी त्याच महिन्यांत, जेव्हा प्लेटा भरून देतात. आणि पावसाळ्यात त्या रुसतात, तेव्हा पंपांची गरजही कमी असते. ऊन आणि पंप यांची कुंडली जुळते. ही जुळणी सरकारच्याही लक्षात आली. 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी ही पहिली ठिकाणं. कल्पना साधी. हजार मेगावॉटचं एक केंद्र दूर उभारण्याऐवजी गावाच्या उपकेंद्राशेजारी दोन-पाच-दहा मेगावॉट उभे करायचे, ते थेट शेतीच्या फीडरला जोडायचे, आणि शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची. तारांमधली गळतीही कमी होते. 2023 मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली, आणि तिच्यातले नऊ हजारांहून जास्त मेगावॉटचे ठेके युनिटला साधारण तीन रुपयांच्या आसपास गेले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा 3 मेगावॉटचा प्रकल्प त्यातला पहिला. तो 2024 मध्ये सुरू झाला. त्या फीडरवरच्या यंत्रचालकाचं लॉगशीट मला पाहायला आवडेल. रात्री साडेबाराच्या रकान्यात शून्याजवळचा आकडा असेल. मी छत्तीस वर्षांत तो क्वचितच लिहिला.

आता कोणी म्हणेल, मग अडचण काय? अडचण संध्याकाळची. लॉगशीटवर पूर्वी आम्ही संध्याकाळी सात ते दहाच्या ओळींना भ्यायचो. आजही राज्यभर भीती त्याच ओळींची आहे, फक्त दुपारच्या ओळी हलक्या झाल्या. दुपारी बाराला वीज उतू जाते, आणि सातला, जेव्हा घराघरांत दिवा, पंखा, कूलर, टी.व्ही. एकदम लागतात, तेव्हा प्लेटा झोपलेल्या. तासाभरात एवढा भार उचलायला मौद्यासारख्या केंद्रांनाच पळावं लागतं, आणि भट्टीला पळायला आवडत नाही. बॅटऱ्या आता स्वस्त होत आहेत, नव्या मोठ्या प्रकल्पांत त्या जोडल्या जात आहेत. पण बॅटरी म्हटलं की मला तो चौकातला दिवा आठवतो. तीन रुपयांची वीज ही दुपारची वीज आहे. संध्याकाळची सौर वीज तीन रुपयांना नाही. जाहिरातीत हे दोन्ही एकच असल्यासारखं बोलतात, तेव्हा मला राग येतो.

एक माझी शंकाही सांगून टाकतो. एप्रिल 2024 पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. दिवसा वीज, तीही मोफत, आणि पीक धानासारखं पाणी पिणारं. रात्रीची वीज त्रासाची होती, पण तो त्रासच थोडा लगामही होता. माणूस रात्री किती वेळा उठणार? आता लगाम सुटला. बोअरचं पाणी किती वर्षं पुरेल, याचा हिशेब कुठल्याच लॉगशीटवर नाही.

तर भावाची पाच एकर. सरकारी योजनेत भाडं आहे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, किंवा रेडी रेकनरमधल्या किमतीच्या सहा टक्के, यांतलं जास्त असेल ते; आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. एकराला पन्नास हजार, चोवीस वर्षांनी ते दुप्पट. धानाचं काय? चांगल्या वर्षी एकरी अठरा-वीस क्विंटल. 2024-25 च्या हमीभावानं, 2,300 रुपयांनी, एक्केचाळीस-सेहेचाळीस हजार होतात. ते हातात येण्याआधी नांगरणी, बियाणं, खत, रोवणी, कापणी, मळणी. मावा-तुडतुड्याच्या वर्षी तर मुद्दलही निघत नाही. नुसत्या पैशांत पाहिलं तर भाड्यापुढं धान उभं राहत नाही. हे मी भावाला आकड्यांत लिहून दिलं.

त्याच कागदावर मी आणखी एक ओळ लिहिली होती. एक मेगावॉटला साधारण पाच एकर लागते, म्हणजे वर्षाचं भाडं अडीच लाख. आणि कर्जाच्या व्याजात एक टक्का इकडचा तिकडे झाला तर फरक पडतो दोन लाख ऐंशी हजारांचा. बँकेचा एक टक्का शेतकऱ्याच्या सगळ्या जमिनीपेक्षा महाग! भाऊ म्हणाला, ‘म्हणजे अजून मागायला जागा आहे तर.’ तो माझ्यापेक्षा हुशार निघाला. दिवसा वीज हवी म्हणून ज्यांची जमीन हवी, त्यांच्या वाट्याला शंभरातले पाच. यात दोन-तीन रुपये वाढले तर विजेचा भाव युनिटला नऊ-दहा पैशांपेक्षा जास्त वाढत नाही.

आम्ही हे बोलत ओट्यावर बसलो होतो. भावाकडे दरवर्षी रोवण्याला येणाऱ्या बायांपैकी एक जण मजुरीचे उरलेले पैसे घ्यायला आली होती. ती सगळं ऐकत होती. मध्येच म्हणाली, ‘भाऊ, त्या प्लेटायखाली रोवना होते का जी?’

मी तिला समजावून सांगू लागलो. काही ठिकाणी प्लेटा उंच बसवून खाली भाजीपाला घेतात, पण त्याला लोखंड जास्त लागतं, खर्च वाढतो. आणि धानाच्या चिखलात खांब रोवून ट्रॅक्टर फिरवणं अवघडच. तिनं मान हलवली. पाच एकरांत दहा-बारा बायांचे रोवण्याचे, निंदणाचे, कापणीचे दिवस असतात. मालकाला भाडं मिळेल, ग्रामपंचायतीला योजनेतून वर्षाला पाच लाख असे तीन वर्षं मिळतील, पहाटे प्लेटा धुवायला चार-पाच मुलं लागतील. त्या दहा-बारा बायांचा रकाना माझ्या कागदावर नव्हता. मी तो नंतर काढला, पण त्यात काय लिहायचं ते सुचलं नाही.

भावानं माझा कागद घडी करून खिशात ठेवला. त्याचा मुलगा नागपूरला नोकरीला आहे. तो फोनवर म्हणतो, देऊन टाका बाबा, कशाला मरमर. भाऊ त्याला हो म्हणतो. परवा मी सकाळी फिरायला गेलो तर भाऊ त्या पाच एकरांच्या वरच्या कोपऱ्यात उभा होता. अर्ज भरलास का, म्हणून विचारलं. म्हणाला, ‘पाहू. भाडं वाढवतात का विचारलंय.’ आणि मग पायानं ढेकूळ फोडत म्हणाला, ‘यंदाचे पऱ्हे तर टाकून घेतो.’